नमुना कोणी घेतला? : सोने शोधणाऱ्या लहान कंपन्यांच्या शेअरविषयी अभ्यासपाठ



उसाचा शेवटचा हप्ता बँकेत जमा झाला, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती आला, की तो कोठे गुंतवावा हा प्रश्न घरोघर निघतो. त्यातून सोन्याच्या भावाने अलीकडे जी उडी घेतली ती सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जागतिक बाजारात सोन्याचा औंसाचा भाव मार्च २०२५ मध्ये ३,००० डॉलरच्या वर गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ४,००० डॉलर ओलांडून गेला. असा भाव वाढला की सोन्याबरोबर सोन्याच्या गोष्टीही वाढतात. "परदेशात एका कंपनीला सोने सापडले आहे, शेअर अजून रुपयांत मिळतो आहे, सहा महिन्यांत दहापट होईल" असे निरोप मोबाईलवर फिरतात, आणि शहरात नोकरीला असलेली आपली मुले-पुतणे हौसेने ते घरी वाचून दाखवतात.

असे शेअर घ्या किंवा घेऊ नका, असा हुकूम देण्यासाठी हा पाठ आम्ही लिहिलेला नाही. पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. पण जी वस्तू विकत घ्यायची ती आहे तरी काय, एवढे माहीत असावे. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. इथे दात कोठे बघायचे, तेवढे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

१. खाण वेगळी, शोध वेगळा

सोन्याच्या धंद्यात दोन जातीच्या कंपन्या असतात. एक, ज्यांची खाण चालू आहे. दगड निघतो, दळला जातो, सोने विकले जाते, नफातोटा होतो. त्यांचा ताळेबंद आपल्या कारखान्याच्या ताळेबंदासारखा वाचता येतो. दुसरी जात लहान कंपन्यांची. इंग्रजीत त्यांना ज्युनिअर म्हणतात. यांच्याकडे खाण नसते. एखाद्या डोंगरात किंवा जंगलात शोध घेण्याचा सरकारी परवाना, दोन-चार भूगर्भशास्त्रज्ञ, एक कार्यालय आणि बँकेत थोडी रोकड, एवढाच त्यांचा संसार. यांचा गाळप हंगाम कधी सुरूच झालेला नसतो. उत्पन्न शून्य, खर्च मात्र रोजचा.

अशा कंपन्यांचे मोठे माहेरघर म्हणजे कॅनडा. तिथले व्हँकुव्हर आणि अल्बर्टा येथील जुने शेअरबाजार १९९९ साली एकत्र आले. त्या बाजाराला आज टीएसएक्स व्हेंचर म्हणतात. ऑस्ट्रेलियातही अशा कंपन्या पुष्कळ आहेत.

आपल्या सहकारी कारखान्याचा शेअर आणि हा शेअर यांत फार अंतर आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. आपला शेअर आपल्याला ऊस घालण्याचा हक्क देतो. त्याचा भाव रोज बाजारात वरखाली होत नाही. आणि शेअर एक असो की दहा, सभेत मत एकच. तिकडे जितके शेअर तितकी मते. ऊस घालण्यासारखा दुसरा उपयोग त्या शेअरला नाही. तो आपल्यापेक्षा जास्त भावाने घेणारा दुसरा कोणी भेटला तरच पैसा, नाहीतर कागद.

२. शोध लावतात कसा

बोअर मारताना काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पाणाड्या नारळ घेऊन फिरला, जागा दाखवली, मशीन लागले. पाणी लागले तर लागले, नाहीतर फुटाच्या भावाने पैसे धुळीत गेले. सोन्याच्या शोधात पाणाड्याच्या जागी शास्त्र असते, पण अनिश्चितता तीच. किंबहुना जास्त. शंभर ठिकाणी खुणा दिसाव्यात, दहा ठिकाणी भोके पाडावीत आणि एकाही ठिकाणी खाण होऊ नये, हे या धंद्यात नेहमीचे.

पायऱ्या साधारण अशा. प्रथम नाल्यातली वाळू आणि वरची माती तपासतात. खूण मिळाली की हिऱ्याचे कण बसवलेल्या पोकळ गिरमिटाने जमिनीत भोके पाडतात. त्यातून दगडाची लांबच लांब कांडी निघते. ती पेटीत क्रमाने मांडतात. मग तिचे लांबीवर उभे दोन भाग करतात. अर्धा भाग दळून तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो, उरलेला अर्धा पेटीतच जपून ठेवतात. पुढे कोणाला शंका आली तर तो अर्धा पुन्हा तपासता यावा म्हणून. ही उरलेली अर्धी कांडी म्हणजे या धंद्यातली वजनकाट्याची पावती समजा. पुढे जी हकीकत येणार आहे तिचे मर्म याच पावतीत आहे.

चांगली कंपनी आणखी एक काळजी घेते. प्रयोगशाळेला पाठवायच्या पिशव्यांत मधूनमधून मुद्दाम सोने नसलेल्या दगडाची एक पिशवी आणि किती सोने आहे हे आधीच ठाऊक असलेली एक पिशवी घालते. उत्तर चुकले तर प्रयोगशाळेची चूक तिथेच पकडली जाते.

नमुन्याचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. माती परीक्षणासाठी शेतकी खाते काय सांगते? शेतात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणची माती घ्या. झाडाखालची, बांधालगतची, खताच्या ढिगाशेजारची घेऊ नका. उसाची पक्वता बघतानाही तेच. बुडख्याकडचा रस गोड, शेंड्याकडचा सपक. नुसत्या बुडख्याचा थेंब काचेवर घेतला तर ब्रिक्स भरघोस दिसेल, पण तो साऱ्या फडाचा ब्रिक्स नव्हे. यंत्र खोटे बोलत नाही. यंत्राला जे दिले त्याचेच उत्तर ते देते.

३. टनाला किती?

आपण उतारा टक्क्यांत मोजतो. अकरा टक्के उतारा म्हणजे टनामागे ११० किलो साखर. सोन्याचा उतारा मोजतात टनाला ग्रॅममध्ये. वरून उघडी खोदता येणारी खाण असेल तर टनाला एक-दीड ग्रॅमवरही चालू शकते. खोल भुयारात उतरायचे तर बहुधा पाच ग्रॅम आणि त्याहून अधिक लागतात. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. टनाला एक ग्रॅम असेल तर जवळजवळ १२ टन दगड, म्हणजे एक ट्रकभर, फोडून दळावा तेव्हा एक तोळा. तोही सगळाच्या सगळा हाती येत नाही.

आता हिशोबातली एक गंमत बघा. समजा, १०० मीटर लांबीच्या भोकात फक्त २ मीटरचा पट्टा चांगला आहे, टनाला ५० ग्रॅमचा. उरलेल्या ९८ मीटरमध्ये काहीच नाही. सरासरी काढली तर १०० मीटरवर टनाला १ ग्रॅम येते. कंपनीने बातमी दिली, "१०० मीटर सलग, १ ग्रॅम." खोटे काही नाही, पण वाचणाऱ्याला वाटते की डोंगरच्या डोंगर सोन्याचा. दुसरी कंपनी उलटे करील. "टनाला ५० ग्रॅम!" एवढेच मोठ्या अक्षरात, आणि पट्टा दोनच मीटरचा हे बारीक अक्षरात. आपल्याकडे एका गुंठ्यातला ऊस तोलून त्याला चाळिसाने गुणून एकरी उत्पन्न सांगणारे भेटतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून जाडी आणि ग्रॅम हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत, आणि बाकीची भोके कशी निघाली हे विचारावे.

साठ्याच्या शब्दांतही फरक असतो. मोजक्या भोकांवरून बांधलेला अंदाज तो अनुमानित साठा. भोके जवळजवळ पाडून खात्री वाढली की तो निश्चितीकडे जातो. आणि खर्च, कर, भाव यांचा सगळा हिशोब घालून जो काढणे परवडेल तेवढाच खरा काढण्याजोगा साठा. उभ्या पिकाचा नजरअंदाज, चिटबॉयची नोंद आणि काट्यावरचे वजन यांत जो फरक, तोच इथे. नजरअंदाजावर बँक कर्ज देईल काय?

४. पैसा येतो कोठून? वाटण्यांचा हिशोब

ज्या कंपनीला उत्पन्न नाही तिने भोके पाडायची कशावर? नवे शेअर विकून. बहुधा हे शेअर काही निवडक बड्या गिऱ्हाइकांना बाजारभावापेक्षा थोडे स्वस्त दिले जातात. वर एक वॉरंटही मिळते, म्हणजे पुढे ठराविक भावाने आणखी शेअर घेण्याचा हक्क. कॅनडात असे शेअर साधारण चार महिने विकता येत नाहीत. मुदत संपली की ते बाजारात येऊ शकतात. भाव चढवणाऱ्या गोड बातम्या नेमक्या कधी निघतात, याकडे म्हणून लक्ष ठेवावे.

पुन्हा पुन्हा नवे शेअर निघाले की जुन्याचा वाटा बारीक होतो. दहा एकर जमीन. आज्याच्या नावावर दहा, बापाला पाच, मुलाला अडीच. जमीन तेवढीच, पण सातबारावर नावे वाढली. उदाहरण घेऊ.

समजा, एका कंपनीचे २ कोटी शेअर आहेत, भाव अर्धा डॉलर. सगळी कंपनी १ कोटी डॉलरची. आपण २०,००० शेअर घेतले, म्हणजे हजारातला एक वाटा. पहिल्या वर्षी कंपनीने १ कोटी नवे शेअर काढले, दुसऱ्या वर्षी दीड कोटी, आणि वॉरंटवाल्यांनी ५० लाख घेतले. एकूण झाले ५ कोटी. आपले २०,००० तेवढेच, पण वाटा आता अडीच हजारातला एक. या दोन वर्षांत शोध चांगला लागून साऱ्या कंपनीची किंमत १ कोटीची अडीच कोटी डॉलर झाली असे धरले, तरी एका शेअरचा भाव निघतो अर्धाच डॉलर. कंपनी अडीचपट वाढली, आपण होतो तिथेच. शोध फसला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

५. बुसांगची हकीकत

आता जी गोष्ट सांगतो ती साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि या विषयातला सर्वांत मोठा धडा आहे.

कॅनडातील कॅलगरी शहरात ब्रे-एक्स नावाची एक लहान कंपनी होती. डेव्हिड वॉल्श हे तिचे संस्थापक. १९९३ साली या कंपनीने इंडोनेशियात, बोर्निओ बेटाच्या पूर्व कालिमंतान भागात, बुसांग नावाच्या जंगलातील जागेचे हक्क घेतले. जॉन फेल्डरहॉफ हे तिचे मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ. जागेवरचे काम पाहणारे फिलिपाइन्सचे मायकेल डी गुझमान. शेअरचा भाव त्या वेळी सेंटांत होता.

भोकांचे निकाल येऊ लागले आणि साठ्याचा आकडा वाढतच गेला. १९९५ मध्ये ३ कोटी औंस, १९९६ मध्ये ६ कोटी, १९९७ च्या आरंभी ७ कोटी. पुढे २० कोटींची भाषा सुरू झाली. ७ कोटी औंस म्हणजे सुमारे २,२०० टन. आपल्या शेजारच्या कोलारच्या खाणी १८८० च्या सुमारास सुरू झाल्या आणि २००१ मध्ये बंद पडल्या. त्या सगळ्या काळात तिथून सुमारे ८०० टन सोने निघाले. म्हणजे बुसांगमध्ये कागदावर कोलारच्या अडीचपटीहून जास्त सोने होते. शेअर टोरोंटोच्या मोठ्या बाजारात आला, अमेरिकेच्या नॅस्डॅकवर गेला. एका शेअरचे दहा केले होते, तो हिशोब सोडून मूळ शेअरचा भाव धरला तर तो २८६ डॉलरच्या वर पोचला. साऱ्या कंपनीची किंमत झाली ६०० कोटी कॅनेडियन डॉलरच्या पुढे. आणि या कंपनीने तोवर एक तोळाही सोने विकले नव्हते!

मोठ्या खाणकंपन्या भागीदारीसाठी रांगेत उभ्या राहिल्या. इंडोनेशियात त्या वेळी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची सत्ता होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये वाटण्या ठरल्या. ब्रे-एक्सला ४५ टक्के, अमेरिकेच्या फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीला १५, उरलेले ४० टक्के इंडोनेशियाच्या बाजूला. खाण चालवायची होती फ्रीपोर्टला, म्हणून करार पक्का करण्याआधी तिने आपली भोके पाडून पाहायचे ठरवले. ब्रे-एक्सच्या भोकांना अगदी लागून भोके पाडली. निघाले काय? जवळजवळ काहीच नाही.

१९ मार्च १९९७ रोजी डी गुझमान बुसांगकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेले. आत्महत्या अशी नोंद झाली. २६ मार्चला फ्रीपोर्टने आपले निकाल जाहीर केले. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअर कोसळला. विक्रीचा लोंढा एवढा की टोरोंटो बाजाराच्या संगणकांना तो पेलवेना. मे महिन्याच्या आरंभी स्ट्रॅथकोना या स्वतंत्र तज्ज्ञ संस्थेचा अहवाल आला. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले आहे, आणि खाणीच्या इतिहासात एवढ्या प्रमाणावर, एवढा काळ आणि इतक्या हिशोबाने असे कधी झाले नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. शेअरचा भाव काही सेंटांवर आला. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली.

हे जमले कसे? प्रयोगशाळा खोटी नव्हती. तिच्याकडे आलेली पिशवीच खोटी होती. जंगलातून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेत दळलेल्या दगडात सोन्याची बारीक पूड मिसळली जात होती. ते सोने नदीच्या वाळूतले होते, कण वाहत्या पाण्याने घासून गोल झालेले. ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती, पण तिचेही शास्त्रीय भाषेत समर्थन झाले. आणि मघाशी सांगितलेली ती पावती? ब्रे-एक्सने कांडीचा अर्धा भाग जपून ठेवलाच नाही. थोडे तुकडे सोडून बहुतेक सारी कांडी दळायला पाठवली. पुन्हा तपासायला काही उरले नाही. जानेवारी १९९७ मध्ये जागेवर आग लागून नोंदीही जळाल्या.

साठ्याचा आकडा एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेने काढला होता, ही गोष्ट विसरू नये. पण तिने तो काढला कंपनीनेच दिलेल्या निकालांवरून. बेरीज बरोबर होती, बेरजेला घेतलेले आकडे खोटे होते. लेखापरीक्षकाने खतावणी तपासली, पण गोदामात जाऊन पोती मोजली नाहीत, तशी गत.

यात बुडाले कोण? हजारो लहान गुंतवणूकदार. पण नुसते तेच नव्हेत. ऑन्टॅरिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे सुमारे १० कोटी डॉलर गेले. क्वेबेकच्या सरकारी नोकरांच्या फंडाचे ७ कोटी आणि ऑन्टॅरिओच्या नगरपालिका नोकरांच्या फंडाचे साडेचार कोटी. या संस्थांकडे पगारी तज्ज्ञ होते. तेव्हा "मोठमोठ्यांनी घेतलाय म्हणजे खराच असणार" हे म्हणणे किती टिकते ते ज्याने त्याने पाहावे.

वॉल्श १९९८ मध्ये वारले. आतील माहिती असताना शेअर विकल्याचा खटला फेल्डरहॉफ यांच्यावर वर्षानुवर्षे चालला आणि २००७ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कोणाला तुरुंगवास झाला नाही. गुंतवणूकदारांच्या हाती गेलेल्या पैशाच्या मानाने नाममात्रच आले.

६. खरे सोनेही सापडते

एवढ्यावरून सगळेच लबाड असे कोणी म्हणू नये. ते अन्यायाचे होईल. मोठमोठे शोध लहान कंपन्यांनी लावलेले आहेत.

कॅनडातच ऑन्टॅरिओ प्रांतात हेमलो म्हणून जागा आहे. तिथे कोरोना नावाची लहान कंपनी भोकामागून भोक पाडत होती. १९८१ मध्ये ७६ व्या भोकात चांगला पट्टा लागला. पुढे त्या परिसरात तीन मोठ्या खाणी झाल्या. पण यातही एक भानगड झाली. लॅक मिनरल्स या बड्या कंपनीला कोरोनाने बोलणी चालू असताना विश्वासाने आपले निकाल दाखवले. लॅकने त्या माहितीच्या जोरावर शेजारची जमीन परस्पर घेऊन टाकली. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८९ साली निकाल लागला की, विश्वासात मिळालेल्या माहितीचा हा गैरवापर आहे, लॅकने आपला उभारणीचा खर्च घ्यावा आणि चालू खाण कोरोनाच्या स्वाधीन करावी. न्याय मिळाला, पण त्याला आठ वर्षे लागली.

दुसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोरचे. २००६ मध्ये ऑरेलियन या लहान कंपनीला तिथे फ्रुता देल नॉर्ते नावाचा उत्तम साठा सापडला. सोने खरे, उतारा भरघोस. पण एप्रिल २००८ मध्ये त्या देशाने खाणींचे काम थांबवणारा आदेश काढला आणि शेअर आपटला. त्याच वर्षी किनरॉस या मोठ्या कंपनीने ऑरेलियन विकत घेतली. सरकारशी कराबाबत जमेना म्हणून २०१३ मध्ये तिनेही अंग काढून घेतले. पुढे २०१४ मध्ये लुंडिन गोल्डने ती जागा घेतली आणि पहिले सोने निघाले नोव्हेंबर २०१९ मध्ये. शोधापासून तेरा वर्षे! मधल्या काळात शेअर किती हातांतून गेला असेल याचा विचार करा. शोध खरा असला तरी आपला पैसा आपल्या हयातीत, आपल्या गरजेच्या वेळी परत येईल, असे नव्हे.

भावाचेही तसेच. २०११ मध्ये सोने १,९०० डॉलरपर्यंत चढले आणि २०१५ अखेर १,०५० च्या आसपास उतरले. सोने घरात ठेवणाऱ्याचे मोल निम्म्याजवळ आले, तरी दागिना दागिनाच राहिला. पण लहान शोधकंपन्यांच्या शेअरची घसरण त्याहून पुष्कळ मोठी झाली. भाव उतरला की त्यांचे नवे शेअर कोणी घेत नाही, आणि नवे शेअर खपले नाहीत की भोके थांबतात.

७. बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

ब्रे-एक्सनंतर कॅनडात नियम कडक झाले. २००१ पासून कंपनीला साठ्याचा आकडा सांगायचा तर पात्र तज्ज्ञाच्या नावानिशी, ठरलेल्या नमुन्यात अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो. ऑस्ट्रेलियात अशी संहिता १९८९ पासून आहे. अनुमानित साठ्याला निश्चित म्हणता येत नाही. ही मोठीच सोय झाली. पण नियम असला तरी वाचणारा लागतो. घरातल्या इंग्रजी जाणणाऱ्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवून पुढील प्रश्नांची उत्तरे अहवालातून शोधून घ्यावीत.

(१) नमुना कोणी घेतला, कोणी नेला, वाटेत कोणाच्या ताब्यात होता? अर्धी कांडी शिल्लक आहे काय? कंपनीबाहेरच्या तज्ज्ञाने स्वतः जागेवर जाऊन आपल्या हाताने नमुना घेतला, की दिलेल्या आकड्यांची नुसती बेरीज केली?

(२) पट्ट्याची जाडी किती, ग्रॅम किती, आणि कोरडी भोके किती?

(३) बँकेत रोकड किती आहे, महिन्याचा खर्च किती? भागाकार केला की नवे शेअर केव्हा निघणार ते कळते.

(४) आज शेअर किती, वॉरंट किती, तीन वर्षांपूर्वी शेअर किती होते?

(५) पैसा भोकांत जातो की पगार आणि जाहिरातीत? संचालकांनी स्वतःचा पैसा घालून शेअर घेतले आहेत काय, आणि अलीकडे ते विकत आहेत की घेत आहेत?

(६) हा शेअर घ्या म्हणणाऱ्याला कंपनीकडून पैसे मिळालेत काय? परदेशी पत्रकांत हे बहुधा शेवटी बारीक अक्षरात लिहिलेले असते. तिथून वाचायला सुरुवात करावी.

(७) परवाना कोणाच्या नावावर, किती मुदतीचा? रस्ता, पाणी, वीज, तिथल्या लोकांचा विरोध यांचे काय?

(८) आपल्याला विकायचा झाला तर रोज किती शेअरची उलाढाल होते? ज्या बाजारात गिऱ्हाईकच नाही तिथे भाव नुसता फळ्यावर लिहिलेला असतो.

८. पैसा कोणता घालावा?

परदेशी शेअर घेणे बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर बँकेमार्फत बाहेर पाठवता येते. पण रीतसर म्हणजे स्वतःच्या नावाने, बँकेतून, नोंदलेल्या दलालामार्फत, आणि आयकरात दाखवून. कोणी म्हणाले, "माझ्या खात्यावर टाका, मी तिकडे घेऊन देतो," तर तो व्यवहार शेअरचा राहिलाच नाही. मग सोने खरे की खोटे याची चौकशीही करू नका. तिथूनच उठा.

आणि शेवटी रकमेचा प्रश्न. आपला धंदा आधीच पावसावर, उताऱ्यावर आणि साखरेच्या भावावर टांगलेला आहे. अठरा महिन्यांचे पीक उभे करून आपण एक जोखीम घेऊनच बसलो आहोत. तिच्यावर दुसरी, तीही जिथे आपण कधी जाणार नाही अशा डोंगरातली, चढवायची तर ती गेली तरी चूल पेटती राहील एवढ्याच रकमेची असावी. पीककर्जाचा पैसा, सोसायटीचा हप्ता, मुलीच्या शिक्षणाची ठेव, ठिबकसाठी बाजूला काढलेली रक्कम यांतला एक रुपयाही तिकडे जाऊ नये. जमिनीचा मोबदला तर नाहीच नाही. जमीन एकदाच विकली जाते.

सोन्याची खरी गरज असेल तर सराफाकडची वळी किंवा बँकेमार्फत मिळणारी सोन्याची फंडातली गुंतवणूक निदान सोन्याच्या भावाने वरखाली होते. शोधकंपनीचा शेअर हा सोने नव्हे. सोने असेल या आशेचा तो एक वाटा असतो. आशा विकत घ्यायलाही हरकत नाही. मात्र ती आशाच आहे हे समजून घ्यावी, आणि तिला आशेचाच भाव द्यावा.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. ८० मीटरच्या भोकात ४ मीटरचा पट्टा टनाला ३० ग्रॅमचा आहे, बाकी कोरडे. ८० मीटरची सरासरी किती? (उत्तर : दीड ग्रॅम)

२. ३ कोटी शेअर असलेल्या कंपनीने दोन वर्षांत ३ कोटी नवे शेअर काढले. आपला जुना भाव टिकण्यासाठी साऱ्या कंपनीची किंमत किती पट व्हावी लागेल? (उत्तर : दुप्पट)

३. बुसांगच्या पिशव्यांना काट्याच्या पावतीसारखी कोणती पावती हवी होती, आणि ती कोणी मागायला हवी होती?

४. आपल्या गावात गेल्या दोन-तीन वर्षांत झटपट वाढीचे कोणकोणते निरोप आले? त्यांना वरील आठ प्रश्न लावून पाहावेत.

गटवार चर्चा झाल्यावर सभासदांनी आपल्या शंका गट कार्यालयात लेखी द्याव्यात. त्यांची उत्तरे पुढील अंकांतून देण्याचा आम्ही प्रयत्न करू.